चिकन प्लांटमध्ये बोटं गेली, ठेकेदार म्हणतो घरी लागलं सांग

प्रश्न: माझा धाकटा भाऊ चिकन प्रोसेसिंग प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला आहे. रात्री मशीन धुताना चालू कन्व्हेयरमध्ये अडकलेलं कातडं काढायला गेला, रोलरने हातमोजा ओढला आणि अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून गेली. ठेकेदाराने बिल भरलं, पण हॉस्पिटलात ‘घरी लागलं’ असं सांगायला लावलं. आता म्हणतो मशीन बंद केली नाही ही त्याचीच चूक. पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापतात, कार्ड कधी दिलं नाही. काही मिळेल का?
– एक बहीण, सोलापूर

उत्तर: मिळेल ताई, पण आधी ते ‘घरी लागलं’ निस्तरा. केसपेपरवर तेच राहिलं तर पुढे प्रत्येक टेबलावर तेच दाखवतील. हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या की अपघात कामावर झाला, खरी हकीकत नोंदवा, आणि पोच घ्या. त्या रात्री सोबत कोण होतं त्यांची नावं, हजेरी, ठेकेदाराचे व्हॉट्सअॅप मेसेज सगळं जपून ठेवा. कोऱ्या कागदावर किंवा स्टॅम्पपेपरवर भावाची सही अजिबात नको, बिल भरलं म्हणून उपकार झाले असं काही नसतं.

त्याच्या चुकीबद्दल म्हणाल तर, मालकाच्याच कामासाठी हात घातला असेल तर नियम मोडला तरी ईएसआय तो अपघात कामावरचाच धरतं. आणि मुळात धुताना मशीन बंद करून मेन स्विचला कुलूप लावायचं असतं, फिरत्या रोलरपाशी हातमोजा हात वाचवत नाही उलट आत ओढतो, हे भावाला कोणी शिकवलं होतं का ते विचारा की ठेकेदाराला!

कार्ड नसलं तरी पगार स्लिपवर बहुधा विमा नंबर असतो, तो घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा. ठेकेदाराने पैसे कापून भरलेच नसतील तरी प्लांटचा मूळ मालक सुटत नाही. बरा होईपर्यंत रोजच्या पगाराच्या 90 टक्के मिळतात. मग मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती गेली ते ठरवतं, एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या तक्त्यात 20 टक्के आहेत. म्हणजे रोज 500 पगार असेल तर त्याचे 90 टक्के 450, आणि 450 चे 20 टक्के, 90 रुपये रोज, महिन्याला साधारण 2,700, आणि हे जन्मभर. फार नाही, पण हक्काचं आहे.

प्लांट अपघाताचा रिपोर्टच देत नसेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे स्पीड पोस्टाने तक्रार टाका, तिथे रोलरला गार्ड होतं का हेही तपासायला सांगा.