दूध तोडलेलं शिंगरू अचानक आजारी पडलं तर

प्रश्न : सहा महिन्यांचं शिंगरू तीन आठवड्यांपूर्वी आईपासून वेगळं केलं. कालपर्यंत ठीक होतं. आज चारा खात नाही, लीद पातळ आहे, जबड्याखाली आणि पोटाखाली सूज आहे, पण ताप नाही. डॉक्टर यायला चार तास लागतील. तोवर दुखण्याचं इंजेक्शन द्यावं का?

उत्तर : नको. फ्लुनिक्सिनसारख्या वेदनाशामकाने शिंगरू तासाभरात तरतरीत दिसेल, पण अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तेच औषध मूत्रपिंडांना आणि पोटाच्या अस्तराला इजा करतं. शिवाय डॉक्टर येतील तेव्हा खरी लक्षणं दबलेली असतील.

त्याऐवजी दर अर्ध्या तासाने तीन गोष्टी वेळेसह लिहून ठेवा : गुदद्वारातलं तापमान (साधारण ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइट), जबड्याखालची नाडी आणि हिरड्या. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. नाडी मिनिटाला ८०च्या वर गेली किंवा हिरड्या गडद लाल-जांभळ्या झाल्या, तर वाट न पाहता फोन करा. खुराक (दाणा) बंद करा, स्वच्छ पाणी आणि थोडं सुकं गवत समोर असू द्या. बाटलीने तोंडात काहीही ओतू नका; ते फुप्फुसात जातं.

या वयात अशी सूज दिसली की पहिला संशय लॉसोनिया इंट्रासेल्युलॅरिस या जिवाणूचा. तो लहान आतड्याचं अस्तर जाड करतो, रक्तातलं प्रथिन आतड्यात गळतं आणि पाणी कातडीखाली उतरतं. ताप नसला म्हणून हा आजार नाही, असं मुळीच नाही. रक्तातलं अल्ब्युमिन (हेच ते गळणारं प्रथिन) तपासायला सांगा; ते बरेचदा २ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असतं. सोबत लिदीची पीसीआर (जिवाणूचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणी. साल्मोनेला हा दुसरा, संसर्गजन्य जिवाणूही याच रूपात येतो, म्हणून शिंगरू वेगळं बांधा आणि त्याची बादली, फावडं, बूट इतरांकडे नेऊ नका.

लॉसोनियावर उपचार टेट्रासायक्लिन गटातल्या प्रतिजैविकांनी, सहसा दोन-तीन आठवडे. यात एक धोका आहे : याच गटातलं डॉक्सीसायक्लिन घोड्याला तोंडावाटेच द्यायचं. शिरेतून दिल्यास जनावर जागीच कोसळून मरू शकतं. अल्ब्युमिन फारच खाली असेल तर प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) शिरेतून द्यावा लागतो. भूक आधी परतते, सूज मागाहून उतरते, वजन तर महिनोन् महिने मागे राहतं. तेवढ्यावरून औषध बदलायची घाई नको.

प्रश्न : आठ महिन्यांच्या शिंगराला काल जंताचं औषध दिलं. आज लोळतंय, पोटाकडे वळून बघतंय. औषध बाधलं का?

उत्तर : औषधाची विषबाधा असण्यापेक्षा मेलेल्या जंतांचा बोळा असण्याची शक्यता जास्त. पॅरास्कॅरिस जातीचे वीतभर किंवा त्याहून लांब गोल जंत या वयात पोटात गच्च भरलेले असू शकतात. आयव्हरमेक्टिन किंवा पायरँटेल या जंतनाशकांनी ते एकदम लुळे पडतात आणि लहान आतड्यात अडकतात. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे तुंबलेलं जठर फुटू शकतं. चारा पूर्ण काढा, जंतनाशकाचा दुसरा डोस देऊ नका. नाकातून नळी घालून जठर रिकामं करणं हे डॉक्टरांचं पहिलं काम. तेवढ्याने सुटलं नाही तर शस्त्रक्रिया. पुढच्या वेळी आधी लिदीत अंडी मोजून घ्या आणि कोणतं औषध द्यायचं ते त्यावरून डॉक्टरांनाच ठरवू द्या.