२१४७४८३६४७ ही संख्या मूळ आहे, हे संगणक नसताना कसे सिद्ध झाले?

२ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की ही संख्या मिळते. ती मूळ असल्याचे स्विस गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये दाखवले. तिचे वर्गमूळ ४६३४० हून किंचित मोठे असल्याने तिथपर्यंतच्या जवळजवळ ४८०० मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल असे वाटते, पण खरे सौंदर्य ते टाळण्यातच आहे.

समजा, प हा तिचा एखादा मूळ विभाजक आहे. मग २ च्या ३१ व्या घाताला प ने भागल्यास बाकी १ उरते, आणि ३१ स्वतः मूळ असल्यामुळे, फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार (प ने भाग न जाणाऱ्या संख्येच्या प − १ व्या घाताला मूळ संख्या प ने भागल्यास बाकी १ उरते), प − १ ला ३१ ने, आणि प विषम असल्याने ६२ ने, निःशेष भाग जायलाच हवा. शिवाय २ ही प च्या संदर्भात वर्गशेष ठरते, म्हणजे एखाद्या वर्गसंख्येला प ने भागल्यास बाकी २ उरते (इथे २ च्या १६ व्या घाताचा वर्ग), म्हणून प ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरू शकते. दोन्ही अटी एकत्र केल्या की प चे रूप २४८क + १ किंवा २४८क + ६३ एवढेच शिल्लक राहते (क ही पूर्ण संख्या). अशा मूळ संख्या ३११, १३०३, १४८९ अशा विरळ येतात आणि त्या मर्यादेपर्यंत शंभराच्या आतच भरतात. ३११ ने भागल्यास बाकी ३५ उरते. उरलेल्यांपैकी एकीनेही निःशेष भाग जात नाही.