रिपोर्ट नॉर्मल, मग थकवा कशाचा?

थकव्याबद्दलचे प्रश्न बरेच साठले होते, त्यातले सहा आज घेतो. उत्तरं देताना मी पुन्हा पुन्हा एकच गोष्ट बघणार आहे : एखादा उपाय ज्यांना दिला नव्हता, त्यांचं काय झालं? थकव्याला थर्मामीटर नाही. संशोधनातही तो रुग्णाला विचारूनच मोजतात. ‘व्यायाम केला की मला थकवा येतो’ अशा धर्तीची नऊ विधानं, प्रत्येकापुढे १ ते ७ आकडे आणि त्यातल्या एकावर खूण करायची, एवढीच जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे. अशा मोजमापात नुसतं ‘आपल्यावर उपचार चाललेत’ या भावनेनेही आकडा उतरतो. शिवाय माणूस डॉक्टरकडे जातो तो अगदी गळून गेल्यावर. त्यातून तो थोडाफार आपोआपही सावरतो. तेव्हा ‘मला गुण आला’ हे खरं असलं तरी तो कशाने आला, हे एकट्याच्या अनुभवावरून सांगता येत नाही.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, वय ३८. दुपारनंतर वर्गात उभं राहणंही जिवावर येतं. हिमोग्लोबिन १२.४, थायरॉइड, साखर सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. मैत्रीण म्हणते, फेरिटिन तपासून घे. हे नवीन फॅड आहे का? (सातारा)

फॅड नाही, मैत्रिणीचं ऐका. शरीर लोहाची कमतरता आधी साठ्यातून भागवतं आणि साठा आटत आला की मग हिमोग्लोबिन घसरायला लागतं. फेरिटिन हा त्या साठ्याचा अंदाज. म्हणजे हिमोग्लोबिन शाबूत आणि साठा जवळजवळ रिकामा, अशी मधली अवस्था असते. पाळी सुरू असलेल्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं त्याच अवस्थेत वावरतात.

या अवस्थेत लोह देऊन थकवा उतरतो का, हे नीट तपासलं गेलं आहे. स्वित्झर्लंडमध्ये अ‍ॅनिमिया नसलेल्या पण थकलेल्या १४४ स्त्रियांवर झालेली चाचणी २००३ साली प्रसिद्ध झाली. निम्म्या जणींना चार आठवडे रोज ८० मिलिग्रॅम लोह, बाकीच्यांना तशीच दिसणारी लोह नसलेली गोळी. लोहाच्या गटात थकव्याचा गुणांक २९ टक्क्यांनी उतरला, दुसऱ्या गटात १३ टक्क्यांनी. फायदा दिसला तो फेरिटिन ५० किंवा त्याहून कमी असलेल्यांनाच. मग फ्रान्समध्ये अशाच, फेरिटिन ५० च्या खाली असलेल्या १९८ स्त्रियांना बारा आठवडे लोह देऊन पाहिलं. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले : लोहाने जवळपास ४८ टक्के उतार, नुसत्या गोळीने २९ टक्के. त्या २९ कडेही लक्ष असू द्या. काहीच नसलेल्या गोळीने एवढं होतं, म्हणूनच दुसऱ्या गटाशिवाय कुठल्याही ‘शक्तिवर्धक’ बाटलीच्या जाहिरातीवर माझा विश्वास बसत नाही.

आता अडचण अशी, की जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने निरोगी प्रौढ व्यक्तीचं फेरिटिन १५ च्या खाली गेलं तरच ती कमतरता. त्यामुळे २२ आलं तर लॅबच्या कागदावर ते नॉर्मलच छापून येईल. रिपोर्टवर ठळक अक्षरं नाहीत म्हणून फाइल बंद करू नका, आकडा डॉक्टरांना दाखवून बोला. ताप किंवा अंगात सूज असताना फेरिटिन खोटं वाढतं, तेव्हा आजारपणात ते तपासू नका. पाळीत रक्तस्राव किती होतो हे डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्हीच सांगा. ते भोक तसंच ठेवून टाकी भरण्यात अर्थ नाही.

गोळी सुरू झालीच, तर ती दिवसाआड चालेल का हेही विचारा. लोहाची गोळी घेतली की हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की साठा कमी असलेल्या स्त्रियांमध्ये दिवसाआड दिलेल्या गोळ्यांमधून जवळपास २२ टक्के लोह शोषलं गेलं, रोज दिलेल्यांमधून १६ टक्के. पोटाचा त्रासही कमी होण्याची शक्यता. आणि जेवणावरचा चहा सोडा. तो तासाभराने घ्या, पण ताटातल्या पालेभाजीबरोबर नको. भाजीवर लिंबू पिळा.

प्रश्न : वय ५२, मधुमेह, शाकाहारी. दर दोन महिन्यांनी बी-१२ चं इंजेक्शन घेतो. दोन दिवस तरतरी येते. बायको म्हणते, हे व्यसन आहे. (पुणे)

वहिनींना सांगा, व्यसन नाही. पण हिशेब अर्धवट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं. म्हणजे कमतरतेत सर्वांत पुढे खेडं किंवा झोपडपट्टी नव्हे, तर फ्लॅटमधला मध्यमवर्ग. त्यात तुम्ही शाकाहारी, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर तेही बी-१२ कमी करतं. तुमच्या बाबतीत कमतरता असणं सहज शक्य आहे.

तरतरी मात्र इंजेक्शन घेतल्याबरोबर दोन दिवस येऊन जात असेल, तर ती बी-१२ ची असेल असं वाटत नाही. यकृतात साठणारं जीवनसत्त्व आहे ते, दोन दिवसांत संपत नाही. पातळी तपासा. कमी असेल तर उपचार ठरवून, नियमित घ्या. रोजची गोळीही बहुतेकांना पुरते. पातळी चांगली असेल तर इंजेक्शनने थकवा उतरतो याला आधार नाही. आणि एक विचारतो : घोरता का? मधुमेह, पन्नाशी, घोरणं आणि दिवसा पेंग, हे एकत्र असेल तर झोपेत श्वास अडकतो का याची तपासणी इंजेक्शनपेक्षा कामाची.

प्रश्न : आईचं वय ७१. टीएसएच ६.८, टी-४ नॉर्मल. थकवा आहे म्हणून थायरॉइडची गोळी सुरू करायची आहे. (बेळगाव)

नेमक्या याच प्रश्नावर ‘ट्रस्ट’ नावाची युरोपीय चाचणी झाली, २०१७ मध्ये प्रसिद्ध. पासष्टीच्या पुढचे, असेच सौम्य रिपोर्ट असलेले ७३७ जण : टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) थोडं वाढलेलं, पण टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) नॉर्मल. वर्षभराने गोळीवाल्यांचा आणि बिनगोळीवाल्यांचा थकवा सारखाच. आईंच्या थकव्याचं कारण दुसरीकडे शोधा. औषधांची यादी, झोप, हिमोग्लोबिन आणि हो, मनःस्थितीही. टीएसएच १० च्या वर गेलं तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : मावशीचा स्तनाचा कर्करोग बरा झाला, केमो संपून पाच महिने झाले. अजून जिना चढवत नाही. घरात सगळे तिला ‘आराम कर’ म्हणतात, ती चालायला जाते म्हटली की रागावतात. (कोल्हापूर)

रागावणं थांबवा आणि तिच्याबरोबर चालायला जा. कर्करोगानंतरच्या थकव्यावर ११३ चाचण्या, ११,००० हून जास्त रुग्ण, असा मोठा आढावा २०१७ मध्ये आला. व्यायाम आणि मानसोपचार यांचा फायदा औषधांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघाला. औषधांचा जवळपास नगण्य. सुरुवात घरापासून कोपऱ्यापर्यंत, सपाट रस्त्यावर. बोलता बोलता चालता येईल एवढाच वेग. मात्र हिमोग्लोबिन बघून घ्या, आणि चालताना धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल तर आधी ऑन्कॉलॉजिस्टना विचारा, कारण काही केमो हृदयावर परिणाम करतात.

प्रश्न : वय २९, आयटीत काम. दीड वर्षापूर्वी कोविड झाला, तेव्हापासून थकवा. फिजिओंनी रोज थोडं चालणं वाढवायला सांगितलं. चाललो त्या दिवशी ठीक वाटतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही, डोकं चालत नाही. घरचे म्हणतात, आळस आहे. (हिंजवडी)

आधीचं उत्तर तुम्हाला लागू नाही. तुम्ही सांगता तो प्रकार, म्हणजे श्रमानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी सगळी लक्षणं उसळणं, ही एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे दीर्घकाळ न हटणाऱ्या थकव्याच्या आजाराची मुख्य खूण मानतात. कोविडनंतर अनेकांत ती दिसते. आळशी माणूस चालायला गेला तर दोन दिवस आडवा पडत नाही.

याच आजारावरून ब्रिटनमध्ये मोठं रण माजलं. २०११ साली ‘पेस’ ही ६४१ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली : हळूहळू वाढवलेला व्यायाम आणि विचारवर्तन उपचार (विचारांची आणि वागण्याची पद्धत बदलायला मदत करणारा मानसोपचार) यांनी बऱ्याच जणांना फरक पडतो. अनेक ठिकाणी तेच उपचार दिले जात राहिले. रुग्ण मात्र सांगत राहिले की आमचं बिघडतंय. एका रुग्णाने मूळ आकडे मिळवण्यासाठी माहितीच्या अधिकाराखाली झगडा दिला, २०१६ मध्ये न्यायाधिकरणाच्या आदेशाने ते बाहेर आले. ‘बरा झाला’ कुणाला म्हणायचं, याची व्याख्या चाचणी सुरू झाल्यावर सैल केली होती. मूळ व्याख्या लावल्यावर बरे झालेल्यांचं प्रमाण एक आकडी उरलं आणि गटागटांतला फरक विरला. शिवाय आपण कोणत्या गटात आहोत हे प्रत्येक रुग्णाला ठाऊक होतं, व्यायाम लपवता येत नाही. मोजमाप पुन्हा प्रश्नावलीचंच. ऑक्टोबर २०२१ मध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार या रुग्णांना देऊ नये असं स्पष्ट लिहिलं.

औषधाच्या बाजूनेही एक कहाणी आहे आणि मला ती प्रामाणिकपणाचा नमुना वाटते. नॉर्वेत बर्गनच्या दोन कर्करोगतज्ज्ञांनी रिटक्सिमॅब हे कर्करोगात वापरलं जाणारं औषध या रुग्णांना देऊन पाहिलं. २०११ च्या छोट्या चाचणीत औषध घेतलेल्या १५ पैकी १० जणांना गुण आला, सलाईनवाल्या १५ पैकी दोघांनाच. केवढी आशा निर्माण झाली! मग त्यांनीच १५१ जणांची मोठी चाचणी घेतली. २०१९ मध्ये निकाल लागला : औषधाने २६ टक्क्यांना गुण, औषध नसलेल्या सलाईनने ३५ टक्क्यांना. त्यांनी तो जसाच्या तसा छापला.

मग करायचं काय? सध्या तरी ताकदीचं बजेट. आठवडाभर नोंद ठेवा : काय केलं, दोन दिवसांनी कसं वाटलं. ज्या पातळीवर उसळी येत नाही, त्याच्या थोडं अलीकडेच थांबा, बरं वाटत असलेल्या दिवशीही. अंघोळीला स्टूल, भाजी निवडणं बसून, मीटिंग सलग दोन न घेता मध्ये आडवं पडणं. घरून काम मिळण्यासाठी डॉक्टरांचं पत्र घ्या. आणि उभं राहिल्यावर चक्कर, धडधड होत असेल तर तेही दाखवा. त्यावर इलाज आहेत.

प्रश्न : मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. थकव्याच्या औषधाच्या चाचणीत भाग घेता का, असं रुग्णालयात विचारलं. निम्म्यांना नकली गोळी देणार म्हणे. आजारी माणसाशी असा खेळ का? (नाशिक)

तुमच्याच, म्हणजे मज्जासंस्थेच्या या आजाराचं उदाहरण देतो. अमँटाडीन, मोडाफिनिल आणि मिथिलफेनिडेट ही तीन औषधं या थकव्यावर वर्षानुवर्षं लिहून दिली जात होती. अमेरिकेत १४१ रुग्णांना ती तिन्ही आणि एक नकली गोळी आळीपाळीने दिली. थकव्याचा गुणांक सुरुवातीला सरासरी ५१ होता. नकली गोळीवर तो ४१ च्या आसपास आला आणि तिन्ही औषधांवर ३९ ते ४१. फरक नावापुरता. दुष्परिणाम मात्र औषधांवर जास्त. नकली गोळी नसती तर तिन्ही औषधं ‘गुणकारी’ ठरली असती आणि तुम्ही आज त्यांचे पैसे मोजत असता.

भाग घ्यायचा की नाही, हा निर्णय तुमचा. पण सही करण्याआधी चाचणीचा सीटीआरआय क्रमांक, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक मागा. भारतात १५ जून २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि ती इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. संमतिपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, प्रत जवळ ठेवा. त्यावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे चाचणीत रुग्णांच्या हिताकडे लक्ष ठेवणाऱ्या समितीचा फोन नंबर असायला हवा. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही मिळते, नकली गोळीच्या गटात आवश्यक ते प्रचलित उपचार उपलब्ध असूनही न दिल्यामुळे इजा झाली असेल तरी. मध्येच बाहेर पडलात म्हणून तुमचे नेहमीचे उपचार कुणी थांबवू शकत नाही. एवढं होऊनही डॉक्टर घाई करत असतील तर नाही म्हणा. घाई नसेल, तर दोन गोष्टी अजून विचारा : चाचणीच्या काळात सध्याची कोणती औषधं बंद करावी लागतील, आणि संपल्यावर आपल्याला कोणती गोळी मिळाली होती ते कळवणार का.