पंचगंगेतली वाम आणि पोटातले जंत: मोजणी कशी करावी

युरोपातल्या किनारी लगूनमधल्या (समुद्राला लागून असलेल्या मचूळ पाण्याच्या तळ्यांमधल्या) ईलच्या जंतांवर झालंय तसं काम कोल्हापुरात वाम घेऊन एमएस्सीच्या प्रकल्पाला करता येईल का, आणि मासे किती लागतील, असं तुम्ही विचारलंय. करता येईल, पण आधी मासा नक्की करा.

इथल्या गोड्या पाण्यातली वाम म्हणजे मॅस्टासेम्बेलस. पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते आणि ती खरी ईल नव्हे. खरी ईल म्हणजे अहीर, अँग्विला. तिला काटे नसतात, पाठीपासून शेपटीवरून पोटाकडे एकसलग पर असतो. कोकणातून बर्फात येते ती समुद्री वाम तिसरीच. तिन्ही एका तक्त्यात घातल्या तर आकड्यांना काही अर्थ उरत नाही. अहीर समुद्रात जन्मून नदीत चढते. पंचगंगेचं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं आणि वाटेत अलमट्टी, नागार्जुनसागर अशी धरणं आहेत. म्हणून इथे अहिरीवर विसंबू नका, वामच घ्या.

मग लगूनशी तुलना कशाची? जातींच्या नावांची नको, कारणांची करा. तिकडे डेरोप्रिस्टिस हा पर्णकृमी (पानासारखा चपटा जंत) जोरात असतो, कारण त्याला लागणारी गोगलगाय आणि नेरीस हा वलयी कृमी मचूळ पाण्यात राहतात. उलट वाताशयातला (माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतला) अँग्विलिकोला क्रॅसस हा गोलकृमी गोड्या पाण्यात जास्त फोफावतो; क्षार वाढले की त्याच्या अळ्या कमी टिकतात. हा मूळचा पूर्व आशियातला, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात पोचला. माशाने काय खाल्लं आणि पाणी कसं आहे, यावर जंत ठरतात. त्यामुळे जठरातलं अन्नही नोंदवा.

मासा ताजाच हवा. मेल्यावर तासाभरातच जंत जागा सोडू लागतात, पर्णकृमी विरघळतात. कल्ले, जठर, आतडं, यकृत, वाताशय वेगवेगळ्या पेट्री डिशमध्ये ०.८५ टक्के सलाइनमध्ये उघडा. आतड्याची आतली बाजू खरवडा, ते बीकरमध्ये ढवळून निवळू द्या, वरचं पाणी ओतून टाका. पाणी स्वच्छ होईपर्यंत हेच करा. बारीक जंत हमखास इथेच नजरेतून सुटतात.

पर्णकृमी, पट्टकृमी (फितीसारखे लांब जंत) वाफाळत्या सलाइनमध्ये मारून ४ टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवा. गार फॉर्मॅलिनमध्ये टाकले तर आखडतात, मग अवयव दिसत नाहीत. गोलकृमींना गरम ७० टक्के अल्कोहोल. काटेरी सोंडेचे कृमी आधी साध्या पाण्यात फ्रिजमध्ये ठेवा. सोंड बाहेर आल्याशिवाय तिच्यावरच्या आकड्यांच्या (हुकांच्या) रांगा मोजता येत नाहीत. डीएनएसाठी काही नमुने थेट शुद्ध अल्कोहोलमध्ये.

प्रत्येक ऋतूत ३० मासे धरा. दर दहात एका माशात असणारा जंत ३० माशांत एकदाही न सापडण्याची शक्यता ०.९ चा ३०वा घात, म्हणजे ४ टक्के. दहाच मासे तपासले तर ती ३५ टक्के होते.

जंत न निघालेले मासेही शून्य म्हणून तक्त्यात हवेतच. एका माशामागे सरासरी किती जंत, हे फक्त बाधित माशांवर काढलं तर ती सरासरी तीव्रता, सगळ्यांवर काढलं तर सरासरी विपुलता. यात गल्लत फार होते.

वामच्या आतड्यात सेंगा, सर्कमॉन्कोबोथ्रियम हे पट्टकृमी मिळतील. हुकांच्या संख्येतल्या किरकोळ फरकावर नवी जात जाहीर करू नका, प्रजातीपर्यंतच (जीनसपर्यंत) थांबा.