निवृत्तीनंतर पुरुषांनी काय घालावं? इंदूरच्या एका शिंप्याचं उत्तर

तुम्ही लिहिलंय की बाबा मध्य प्रदेश शासनाच्या नोकरीतून पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत, कपाट ऑफिसच्या शर्ट-पँटनी भरलंय आणि घरात ते कायम बनियन-लेंग्यावर असतात. आता त्यांनी रोज काय घालावं, आणि निरोपाच्या निमित्ताने तुम्ही त्यांना काय घेऊन द्यावं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी इंदूरला रामबाग भागात पुरुषांचे कपडे शिवतो. माझी बरीचशी गिऱ्हाइकं निवृत्त आहेत. तेव्हा आधी थेट उत्तर देतो. रेडीमेड काही मागवू नका. बाबांचं नव्याने माप द्या आणि बाहेर पडायचे तीन-चार जोड शिवून घ्या. ऑफिसचे कपडे अजून टिकतील, ते झिजवू आणि मग बघू, हा हिशेब बहुतेक घरांत होतो. मला तो अजिबात पटत नाही.

कारण ते कपडे आताच्या अंगाचे नसतात. आपल्याकडे 2018 साली सरकारी निवृत्तीचं वय 60 वरून 62 झालं. या वयात अंग कुठे कुठे बदललंय ते टेप लावला की लगेच कळतं. मान बारीक होते आणि बंद कॉलरमध्ये चार बोटं शिरतात. खांदे उतरतात, थोडे पुढे येतात, पाठीला बाक येतो. बाक आला की पाठीवर कापड जास्त लागतं आणि पोटावर कमी, म्हणून जुना शर्ट मागून वर चढतो आणि पुढून लोंबतो. मांड्या आणि बैठक उतरते, पोट मात्र जागच्या जागी असतं. मग पँट पोटाखाली बांधायची, पट्टा आवळायचा, मागे चुण्या गोळा होतात आणि आसन खाली लोंबतं. चांगला ठणठणीत माणूस अशा पँटमध्ये आजारी दिसतो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला पेन्शनर बँकेत येतात तेव्हा जरा बघा. ढगळ कपड्यातल्या माणसाला ‘बाबा, तिकडे बसा’ असं सांगितलं जातं. अंगाबरोबरच्या स्वच्छ बुशशर्टातल्या माणसाला ‘सर, काय काम आहे?’ असं विचारतात. दोघांची पेन्शन तेवढीच असते. मला हे फार लागतं, आणि म्हणूनच या वयाच्या माणसाचं काम मी घाईने करत नाही.

रोजच्यासाठी माझी पहिली पसंती सुती बुशशर्ट. अर्ध्या बाह्या, खाली सरळ कापलेला, दोन्ही बाजूंना चिरा, पँटच्या बाहेर सोडायचा. पोटावर ताणत नाही, बसताना दबत नाही, पट्टा झाकला जातो आणि चारचौघांत नीटनेटका दिसतो. कुर्ता-पायजमा छानच असतो, पण ज्या माणसाने आयुष्यभर शर्ट-पँट घातली त्याच्या अंगावर निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून कुर्ता चढवू नका. पुष्कळ जणांना त्या कपड्यात आपण एकदम म्हातारे झालो असं वाटतं. त्यांना हवा असेल तर ते स्वतः मागतील.

माप देताना एक गोष्ट टेलरला आठवणीने सांगा. टेप दिसला की प्रत्येक पुरुष पोट आत ओढून छाती काढतो, आणि त्या मापाचा शर्ट दुकानाबाहेर पडल्यावर बसत नाही. मी आधी गप्पा काढतो, कुठल्या खात्यात होता, नातवंडं कुठे असतात वगैरे. माणूस बोलण्यात रमला की आपसूक जसा रोज उभा राहतो तसा उभा राहतो. तेव्हा टेप लावायचा. पाठीला बाक असेल तर मी मागची उंची पुढच्यापेक्षा पाऊण ते एक इंच जास्त ठेवतो. पँटची कंबर ते खरोखर जिथे बांधतात तिथेच मोजायची, आणि कमरेला मागे दोन इंच कापड आत दाबून ठेवायला सांगायचं. पुढे वजन कमी-जास्त झालं तरी पँट वाया जात नाही.

खिशांबद्दल सविस्तर लिहितो, कारण निवृत्त माणसाचा निम्मा त्रास खिशांत असतो. चष्मा, मोबाईल, गोळ्या, किल्ल्या, पासबुक. नोकरीत असताना हे सगळं बॅगेत किंवा टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असायचं, आता सगळं अंगावर. छातीचा खिसा नेहमीचाच उथळ राहिला तर वाकल्याबरोबर मोबाईल खाली. तो इंचभर खोल करा, वर झाकण लावा आणि चष्म्यासाठी मधोमध एक उभी टीप मारून घ्या. कुर्त्याचे बाजूचे खिसे रिक्षात बसलं की आडवे होतात आणि पैसे सीटवर सांडतात, म्हणून आतून एक चेनचा चोरखिसा हवाच. पँटच्या मागच्या खिशात पाकीट ठेवायची सवय मात्र सोडायला लावा. त्यावर बसून कंबर एका बाजूला कलते.

बटणांचं बोलणं कोणी स्वतःहून काढत नाही. बोटांत ताकद कमी झाली किंवा हात थरथरायला लागला की बारीक बटण काजात जाता जात नाही, आणि माणूस लाजेने सांगत नाही, नुसता टी-शर्ट घालायला लागतो. बाबांना आज गरज नसेल, पण आजोबांसाठी किंवा सासऱ्यांसाठी लक्षात ठेवा: बटण मोठं घ्यायचं, काज थोडं सैल ठेवायचं, आणि तरीही जमत नसेल तर वरून शोभेची बटणं शिवून आत टिचबटण लावायचं. बाहेरून कोणाला कळत नाही.

पायजम्याचं तर मी प्रत्येकाला सांगतो. नाड्याची गाठ रात्री सुटत नाही. या वयात पुरुषांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, अंधारात गाठीशी झटापट करताना काय गत होते ते सांगायला नको. नेफ्यात मागे इलास्टिक आणि पुढे नाडा असे दोन्ही घाला. मोहरी, म्हणजे पायाची खालची कड, घोट्याच्या वर संपली पाहिजे. लांब पायजमा पायात येऊन जिन्यावर पडलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं की महिनोन् महिने जातात. चपलेलाही मागे पट्टा हवा.

आता कापड. निरोपसमारंभात शाल-श्रीफळाबरोबर पँटपीस-शर्टपीसचा ढीग येईल. त्यातला बराचसा टेरीकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं सुती कापड असतो. पँटला तो चालतो, चुरगळत नाही. शर्टला नको, मे महिन्यात आपल्याकडे पारा 40 च्या वर जातो आणि त्यात पॉलिस्टर घाम शोषत नाही. शर्टासाठी एमटी क्लॉथ मार्केटमध्ये जाऊन पॉपलीन, लिनन किंवा खादी घ्या. 36 इंच पन्ह्याचं कापड असेल तर सव्वादोन मीटर धरा. सुती कापड शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवायलाच हवं, नाहीतर पहिल्या धुण्यात बाह्या आखडतात.

शक्य असेल तर कापड घ्यायला बाबांना बरोबर न्या, त्यांच्या हाताने निवडू द्या. आपलं इंदूर गिरण्यांचं गाव. हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली, पण त्या मिलमध्ये काम केलेले एक आजोबा अजून माझ्याकडे येतात. कापड अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच चोळतात, उजेडासमोर धरतात, काठाचे दोन धागे उसवून बघतात आणि मगच ‘काट’ म्हणतात. कापडात भेसळ असेल तर त्यांना बिल बघावं लागत नाही. ते हलके निळे आणि बदामी रंग घेतात. नव्वदीकडे झुकलेत, तरी कापड त्यांच्यासाठी कोणी दुसऱ्याने निवडलेलं नसतं.

सणासुदीला एक महेश्वरी कुर्ता असू द्या. महेश्वर आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आत, अहिल्याबाईंची राजधानी. तिथलं रेशमी ताणा आणि सुती बाणा असलेलं कापड मीटरवर मिळतं, वजनाला हलकं असतं आणि गणपतीत, लग्नात, इथल्या सानंद या मराठी संस्थेच्या नाटकाला, कुठेही शोभतं. थंडीत पहाटे पारा 10 च्या खाली उतरतो, तेव्हा फिरायला जाताना बिनबाह्यांचं लोकरी जाकीट घालावं, हात मोकळे राहतात. फिरण्यासाठी ट्रॅकपँट उत्तम, फक्त खिशाला चेन असलेली घ्या आणि तीच घालून दिवसभर घरात राहू देऊ नका.

भेट म्हणून काय द्यायचं विचारलंत तर दोन शर्टांचं चांगलं कापड आणि शिलाईचे पैसे द्या. ऑफिसचे शर्ट मात्र लगेच वाटून टाकू नका. त्यांतले आवडते दोन-तीन बाबांनाच काढायला सांगा, कॉलर आणि बाजू आत घेऊन ते सहज बसते करता येतात. आणि गणपती, दिवाळी, लग्नसराई यांच्या तोंडावर टेलरकडे जाऊ नका, तेव्हा आम्ही सगळेच घाईत माप घेतो. श्राद्धपक्षात दुकानं रिकामी असतात. सकाळी अकराच्या सुमारास जा, बाबांना बसायला खुर्ची मागा आणि पहिला शर्ट कच्चा शिवून अंगावर घालून बघितल्याशिवाय बाकीचे कापू देऊ नका.