ऐंशी हजारांचा कोर्स आणि मामाचा ईईजी

प्रश्न : माझी मुलगी ठाण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला, टीईला (तिसऱ्या वर्षाला) आहे. माझ्या भावाला फिट येतात. त्याच्या ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखाच्या, रिपोर्टचा फोटो कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि तो फिरत फिरत त्याच्या ऑफिसात पोचला. तेव्हापासून 'मेंदूचा डेटा ब्लॉकचेनवर सुरक्षित ठेवायचा, यातच करिअर करणार' असं ती म्हणते. घोडबंदर रोडवरच्या एका क्लासने यासाठी 80 हजार फी सांगितली आहे. भरू का? – एक आई, कळवा

उत्तर : ताई, फी भरू नका. विषय मात्र तिला सोडायला लावू नका.

आधी तिला एवढंच विचारा : मामाचा ईईजी ब्लॉकचेनवर ठेवायचा म्हणजे नेमकं काय ठेवायचं? ब्लॉकचेन म्हणजे साखळीसारख्या एकमेकींत गुंफलेल्या नोंदींची वही, आणि तिची प्रत जाळ्यातल्या अनेक संगणकांवर असते. अख्खा ईईजी तिथे टाकला, तर जे झाकायचं त्याच्याच प्रती वाढल्या. शिवाय तिथे लिहिलेलं पुसता येत नाही. आपला 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तर माणसाला स्वतःची माहिती पुसून घेण्याचा हक्क देतो. चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये मेंदूच्या लहरी टिपणारा हेडसेट बनवणाऱ्या एका कंपनीला माजी सिनेटरचा मेंदूचा डेटा पुसायला लावला होता. तो डेटा साखळीत गुंफलेला असता, तर कंपनीने काय केलं असतं?

म्हणून जाणकार मंडळी मूळ फाइल एन्क्रिप्ट करून, म्हणजे डिजिटल किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करून, हॉस्पिटलच्या सर्व्हरवरच ठेवतात. ब्लॉकचेनवर जातो तो फाइलचा हॅश, रुग्णाची संमती आणि फाइल कोणी, कधी उघडली याची नोंद. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. आत एक आकडा बदलला तरी जुळत नाही. पुसायची वेळ आली की फाइल काढायची, किल्ली नष्ट करायची.

आणि हे तिला थोडं झोंबेल, पण सांगा : रिपोर्टचा मोबाइलवर फोटो काढणाऱ्याला कुठलीही ब्लॉकचेन अडवू शकली नसती. फार तर फाइल कोणाकोणाच्या लॉगिनने उघडली होती, हे मामाला पुराव्यासकट दाखवता आलं असतं. तेही कमी नाही.

नोकरीचं म्हणाल, तर 'हेल्थकेअर ब्लॉकचेन' अशी पाटी लावून भरती क्वचितच होते. ऐरोली-महापेतल्या कंपन्यांच्या जाहिरातींत अ‍ॅप्लिकेशन सिक्युरिटी, डेटा प्रायव्हसी, अ‍ॅक्सेस मॅनेजमेंट हे शब्द शोधा. वर सांगितलेल्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीला 250 कोटींपर्यंत दंड आहे, नोव्हेंबर 2025 मध्ये नियमही आले. त्यामुळे या माणसांची गरज वाढेल असं मला वाटतं. ब्लॉकचेनबद्दल एवढ्या खात्रीने मी बोलणार नाही.

तिने क्रिप्टोग्राफी, नेटवर्क आणि डेटाबेस पक्के करावेत. हे विषय बहुधा तिच्या अभ्यासक्रमातच आहेत, आणि मुलं नेमकं तेच परीक्षेपुरतं वाचतात! ब्लॉकचेनचे धडे एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, परीक्षा द्यायची तरच फी. हायपरलेजर फॅब्रिक हे ब्लॉकचेन उभारायचं सॉफ्टवेअरही मोफत मिळतं. सरावाला ईईजी हवे असतील तर फिजिओनेट या वैद्यकीय डेटाच्या संकेतस्थळावर फिट येणाऱ्या मुलांचे, नावं काढून टाकलेले ईईजी खुले आहेत. मामाची फाइल वापरू नये. पदवीनंतर सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचा सिक्युरिटीचा डिप्लोमा बघता येईल, त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

फायनल इयरचा प्रोजेक्ट छोटाच ठेवावा : रुग्णाने एका डॉक्टरला संमती दिली, मग मागे घेतली, की त्या डॉक्टरला फाइल उघडता येऊ नये आणि त्याने केलेला प्रयत्न नोंदला जावा. त्याआधी ठाण्यातल्या एखाद्या ईईजी टेक्निशियनला भेटून यावं. मशीनमधून निघालेली फाइल डॉक्टरपर्यंत जाताना कोणाकोणाच्या हातातून, पेनड्राइव्हमधून आणि फोनमधून जाते, ते कागदावर उतरवून घ्यावं. तो कागद घेऊन दोघी या, प्रोजेक्टची रूपरेषा त्यावरूनच ठरवू.