गुरुवारच्या प्रदक्षिणा

'मावशी, माझं वय ३४. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही. मला डाव्या बाजूला व्हेरिकोसील आहे, म्हणजे वृषणाच्या शिरा फुगल्यात, डॉक्टरांच्या हातालाही लागलं. शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही कमी. हिचे सगळे रिपोर्ट चांगले. यूरॉलॉजिस्ट ऑपरेशन करा म्हणतात. मी सहा महिने ॲक्युपंक्चर घेतोय. शनिवारी ऑफिसातूनच जातो, घरी माहीत नाही. रिपोर्टमध्ये फरक नाही. अजून थांबू का? बाकी घरात ताण नाही. आई हिला दर गुरुवारी औदुंबराला प्रदक्षिणा घालायला पाठवते, ही मुकाट्याने जाते.'
– एक वाचक, कोल्हापूर

अरे, ही मुकाट्याने जाते?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्या औदुंबरापाशीच थांबले. रिपोर्ट तुझा आणि प्रदक्षिणा तिच्या. म्हणजे दोष तिच्यात आहे असंच आई धरून चालल्यात, आणि तू त्यांना तसं समजू दिलंस. किती गुरुवार झाले, मोजलेस? शेजारणी विचारत असतील, कुणाच्या डोहाळजेवणाला हिला मागे बसवत असतील. तिला सगळं ठाऊक आहे, तरी तुझी लाज ती आपल्या पदराखाली झाकून चालते आहे. यालाच तू 'घरात ताण नाही' म्हणतोस. मला राग आला, तो लपवत नाही.

आता सुयांचं. व्हेरिकोसीलमध्ये वृषणातून रक्त परत नेणाऱ्या शिरांच्या झडपा नीट मिटत नाहीत, रक्त तिथेच साचतं, शिरा फुगतात, वृषण तापतं आणि शुक्राणू बिघडतात. हे दुखणं दुर्मीळ नाही. प्रयत्न करूनही ज्यांना एकदाही मूल राहिलेलं नाही अशा पुरुषांपैकी ३५ ते ४० टक्क्यांत ते सापडतं. सुयांनी तुला शांत झोप लागत असेल, पण फुगलेली शीर त्यांनी मिटत नाही. ऑपरेशनमध्ये जांघेत दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन, मायक्रोस्कोपखाली त्या शिरा बांधतात. बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून पहिला रिपोर्ट तीन महिन्यांनी. साधारण तीनांपैकी दोघांचा रिपोर्ट सुधारतो. मूल राहीलच असं कुणी लिहून देणार नाही. क्वचित वृषणाभोवती पाणी साचतं, शीर पुन्हा फुगते. हे सगळं डॉक्टरांना विचार, बायकोला शेजारी बसवून विचार. तिचं वय तू लिहिलंच नाहीस. थांबायचं किती, हे त्यावरही ठरतं.

पण मला वाटतं, ऑपरेशनची भीती तुला छेदामुळे नाही. शनिवारच्या सुया लपतात. ऑपरेशननंतर चार दिवस घरी पडून राहशील, जड उचलणार नाहीस, आणि आई विचारतील, काय झालं रे?

तर ते त्यांनी विचारायच्या आधीच सांग. येत्या गुरुवारी, ती ताम्हण घेऊन निघायच्या आत, तिच्यासमोर सांग : 'आई, दोष माझ्यात आहे, पहिल्यापासून माझ्यातच होता.' आई रडतील, दोन दिवस बोलणार नाहीत. बोलतील नंतर. त्या दिवशी औदुंबराला जायचं की नाही, ते तिचं तिला ठरवू दे.

ऑपरेशनची तारीख शुक्रवारी घे.